न वाचता दिलेलं नाव

त्या तेरा दिवसांत मी घरातली तीन कपाटं आवरली, बाबांच्या मुदत संपलेल्या औषधांच्या पट्ट्या फेकल्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि नवऱ्याशी हवापाण्याखेरीज एकही धड वाक्य बोलले नाही. मला आवराआवरीची मुळीच हौस नाही. घरातल्या कुणालाही एव्हाना संशय यायला हवा होता. पण आमच्या घरातले दोघे पुरुष, म्हणजे नवरा आणि माझे वडील, डब्यावर 'मूगडाळ' लिहिलेलं दिसलं की खूश होणारे. कुणी काही विचारलं नाही आणि मला त्याचाही राग आला.

मी काम काय करते हे नातेवाइकांना समजावणं मी कधीच सोडून दिलंय. पुण्याच्या सासूबाईंना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं पुरतं. बाबांना थोडं जास्त लागतं. ते केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म काढून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत कोण कुणाच्या हाताखाली आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांना मी असं सांगितलं होतं: कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मशीनची सगळी मेमरी आणि सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात. आम्ही ज्या कर्नलवर काम करतो तो कुणा एका कंपनीचा नाही. जगभरचे लोक मिळून तो लिहितात, एकमेकांचं लिखाण तपासतात आणि हे सगळं एका मेलच्या यादीवर, चारचौघांत चालतं. या कर्नलच्या आत बाहेरच्या माणसाला आपला एखादा छोटा प्रोग्रॅम चालवायची सोय आहे. पण आत सोडण्याआधी तो प्रोग्रॅम एका तपासनिसापुढून जातो. तपासनीसही माणूस नाही, कर्नलमधलाच कोड आहे. आम्ही त्याला व्हेरिफायर म्हणतो. तो प्रोग्रॅम चालवून बघत नाही, नुसता वाचतो. हा कुठल्या कुठल्या वाटांनी जाऊ शकेल, प्रत्येक वाटेवर याच्या हातातला आकडा कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असेल, हे तो लक्षात ठेवत जातो. कुठल्याही वाटेवर प्रोग्रॅम नेमून दिलेल्या मेमरीबाहेर पाय टाकणार नाही अशी खात्री पटली की आत प्रवेश. एकदा आत गेल्यावर मात्र त्याच्यावर कुणाची नजर नसते.

बाबा म्हणाले, म्हणजे आपल्या गेटवरचा गार्ड. मी म्हटलं, बरोबर, फक्त हा बिनपगारी आहे आणि झोपत नाही.

नवरा पुण्याचा. सगळं जग नोएडा सोडून पुण्याला नोकरी शोधत होतं तेव्हा हा पुणे सोडून नोएडाला आला, कारण कर्नलवर काम करणारी आमची ती एक छोटी टीम इथे सेक्टर बासष्टमध्ये होती. मी दिल्लीत वाढलेली, सरकारी क्वार्टरमधली मराठी मुलगी. निम्मी वाक्यं हिंदीत संपवणारी. ऑफिसात आम्ही दोघेच मराठी. तो लिहायचा तेव्हा सुंदर लिहायचा. कोडला सुंदर म्हणतात हे बाहेरच्यांना हास्यास्पद वाटतं, पण त्याने लिहिलेलं वाचताना कुठे अडखळायला व्हायचं नाही. मी तपासायचे. लग्नाआधीपासूनची ही विभागणी. कर्नलमध्ये कुठलाही बदल गेला की त्याच्याखाली लिहिणाऱ्याचं नाव लागतं, आणि ज्याने तो वाचला, समजून घेतला, पटवून घेतला, त्याचंही नाव वेगळ्या ओळीत लागतं. ती ओळ म्हणजे शब्द दिल्यासारखीच. पुढे दहा वर्षांनीही ती कुणालाही वाचता येते आणि कुणालाही पुसता येत नाही.

आता ती गोष्ट. हे तेरा दिवस यायच्या तीन वर्षं आधी आम्ही नोएडाचं भाड्याचं घर सोडून बाबांच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. आई गेली होती आणि बाबा एकटे होते. सामान हलवायच्या दिवशी खाली टेम्पो उभा, फ्रिज जिन्यात अडकलेला, वरच्या मजल्यावरच्या आंटी 'भैया, दीवार मत रगड़ो' म्हणून ओरडतायत, आणि हा खोक्यांच्या मधोमध लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. व्हेरिफायरमधला त्याचा मोठा बदल त्या दिवशी गेला नाही तर पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे दोन-अडीच महिने थांबावं लागणार होतं.

बदल कसला होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाटा फार झाल्या की तपासनिसाला प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालणं परवडत नाही. म्हणून तो एक युक्ती करतो. एखाद्या फाट्यावर दुसऱ्या वाटेने पुन्हा आला आणि परिस्थिती आधीसारखीच दिसली, तर तो म्हणतो, इथून पुढचं मी एकदा पाहिलंय, ठीक होतं, पुन्हा बघायला नको. आता 'आधीसारखीच' म्हणजे नेमकी किती सारखी, हे ठरवणारा तो बदल होता. त्याने तपासनीस कितीतरी झपाट्याने काम करू लागणार होता.

नवऱ्याने लॅपटॉप माझ्यापुढे धरला. मी पहिला स्क्रीन वाचला. सुंदर होता. खालून हमालाने हाक मारली, मी धावत खाली गेले, फ्रिज सुटला, मी वर आले. त्याने विचारलं, सगळं वाचलंस? मी म्हणाले, हो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं. हे मी विसरले होते असं नाही. मी ते कधी आठवलंच नव्हतं, एवढंच.

तो बदल गाजला. लोकांनी वाखाणला. नवऱ्याला त्यावर बोलायला दोन-तीन ठिकाणी बोलावलं, गुडगावच्या एका कंपनीने त्याला मोठ्या हुद्द्यावर घेतलं, आणि ज्या एप्रिलमध्ये हे तेरा दिवस आले तेव्हा अशी चर्चा होती की व्हेरिफायर सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांमध्ये त्याला घेणार. या वडीलधाऱ्यांना पगार वगैरे काही मिळत नाही. पण कुठला बदल आत येणार आणि कुठला नाही हे ते ठरवतात, आणि आमच्या धंद्यात याहून मोठा मान नाही. तो वरवर काही दाखवत नव्हता, पण रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल बघायचा.

अशात एका मंगळवारी आमच्या मॅनेजरनी मला आत बोलावलं. ते लखनौचे, पन्नाशीचे, आणि ऑफिसात त्यांची एका गोष्टीसाठी थट्टा होत असे: ते फार हळू वाचायचे. कोडची ओळ न् ओळ, ओठ हलवत. मीही त्यांची नक्कल करून लोकांना हसवलेलं आहे. त्यांनी दार लावलं आणि एक मेल दाखवली. परदेशातल्या एका संशोधकाने गुपचूप कळवलं होतं की व्हेरिफायर एका विशिष्ट प्रोग्रॅमला फसतो. त्याने प्रोग्रॅमही पाठवला होता. तपासनीस त्याला सभ्य समजून आत सोडतो, आणि आत गेल्यावर तो दुसऱ्यांच्या मेमरीत हवं ते लिहितो. मशीनवरचा कुणीही साधा वापरकर्ता त्याच्या जोरावर मशीनचा मालक होऊ शकतो. दुरुस्ती तयार होऊन सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत हे मोजक्या लोकांतच राहायला हवं होतं. जाहीर करायचा दिवस वडीलधाऱ्यांनी ठरवला होता, तेरा दिवसांनंतरचा सोमवार.

मॅनेजर म्हणाले, "घर पे भी नहीं, मैडम. खासकर घर पे."

मला वाटलं, नवरा दुसऱ्या कंपनीत आहे म्हणून म्हणतायत. मी जागेवर येऊन तो प्रोग्रॅम चालवला, आणि माझं मशीन खरोखर त्याच्यापुढे लोटांगण घालून मोकळं झालं. मग कोडची कुठली ओळ कुणी आणि कोणत्या बदलात लिहिली ते दाखवणारी आज्ञा दिली. आमच्याकडे त्या आज्ञेचं नावच 'दोष' असं आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नवऱ्याचं नाव आलं. तोच बदल. त्याच्याखाली माझं.

परिस्थिती सारखी आहे का हे ठरवताना एका विशिष्ट फाट्यावर आकड्याची खालची मर्यादा ताडून पाहिली जात होती, वरची नाही. पहिल्या वाटेने लहान आकडा घेऊन आलेला प्रोग्रॅम पास झाला, की दुसऱ्या वाटेने अवाढव्य आकडा घेऊन येणाऱ्यालाही 'हे आधी पाहिलंय' म्हणून सोडलं जायचं. एक तुलना राहून गेली होती. तिसऱ्या स्क्रीनवर. मी तीन वर्षांनी तो तिसरा स्क्रीन पहिल्यांदा वाचला आणि चूक मला चार मिनिटांत दिसली. तेव्हा वाचलं असतं तर तेव्हाही चारच मिनिटं लागली असती.

त्याच दुपारी मी मॅनेजरना विचारलं की मूळ लिहिणाऱ्याला कळवायचं असतं ना. ते म्हणाले, वडीलधाऱ्यांनी विचार केलाय. त्याच्या कंपनीतल्या सुरक्षेच्या माणसाला आत घेतलंय, जितके कमी तितकं बरं, त्याला त्या दिवशीच कळेल. मला यात अन्याय दिसला, आणि खरं सांगायचं तर सुटकाही वाटली. आता न सांगणं हे माझं कर्तव्यच झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि वर तिच्यावर कंपनीचा शिक्का.

पण मूठ झाकून बसता मात्र येईना. मी मयूर विहारहून मेट्रोत बायकांच्या डब्यात चढायचे आणि जागा मिळाली तरी उभी राहायचे. दोनदा नोएडा सिटी सेंटरऐवजी आधीच्याच स्टेशनवर उतरले आणि वैतागून पुढची गाडी पकडली. शेअर ऑटोत शेजारच्या मुलीने विचारलं, दीदी, सब ठीक? कारण मी बहुतेक ओठ हलवत होते. ऑफिसात दुरुस्ती लिहायला घ्यायची आणि पाणी प्यायला उठायचं, परत बसायचं आणि खिडकीशी जायचं. समोर नव्या टॉवरची काच बसवत होते. चार बाजूंनी माणसं दोरांना लटकून. मला त्यांचाही राग यायचा, एवढे निवांत कसे लटकतात.

पहिली दुरुस्ती मी रागाच्या भरात केली. सगळंच ताडून पाहायचं, काही सोडायचं नाही. त्याने भोक बुजलं, पण तपासनीस इतका संशयी झाला की भल्या भल्या प्रोग्रॅमना दारातून परत पाठवू लागला, आणि एक तर तपासत बसला तो बसलाच. दुसरी दुरुस्ती फक्त त्या फाट्यापुरती. ती बरोबर होती. चार ओळींची. तिच्या मागे अकरा चाचण्या लिहिल्या, प्रत्येक चाचणीत लबाड प्रोग्रॅमचा एक नवा अवतार. बदलाचं वर्णन अशा कोमट शब्दांत लिहायचं असतं की वाचणाऱ्याला धोक्याचा वास येऊ नये. तेही जमलं. मग शेवटची एक ओळ राहिली.

आमच्याकडे रिवाज असा आहे की दुरुस्तीत एक ओळ घालायचीच: ही चूक अमुक बदलामुळे झाली. त्या बदलाचा क्रमांक आणि शीर्षक. त्यावरून जुन्या कुठल्या कुठल्या आवृत्त्यांना ही दुरुस्ती लागणार ते जगाला कळतं. मी नवऱ्याच्या बदलाचा क्रमांक टाकला आणि पुसला. पुन्हा टाकला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या ओळीवर बोट ठेवलं की कुणीही मूळ बदल उघडणार, आणि जे लोक त्या महिन्यात त्याला वडीलधाऱ्यांत घ्यायचं की नाही ठरवत होते तेच तो सगळ्यात आधी उघडणार.

मग मी एक शहाणपणा केला. त्याच्या बदलाच्याही वर्षभर आधीचा कुणा अनोळखी माणसाचा एक बदल होता. ही तुलना करायची जागा मुळात त्याने तयार केली होती. ओढूनताणून म्हणता आलं असतं की चुकीचं मूळ तिथे आहे. यात कुणाचं नुकसानही नव्हतं, उलट काही जास्तीच्या जुन्या मशीनना औषध मिळालं असतं. एक अख्खा दिवस मी त्या युक्तिवादाला पॉलिश केलं. संध्याकाळी तो मलाच पटला. मी तो क्रमांक घातला आणि तपासायला मॅनेजरकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. चार ओळी आणि अकरा चाचण्या वाचायला त्यांना सोळा तास लागले होते. म्हणाले, दुरुस्ती अच्छी है. मग त्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "यह वाला क्यों?"

मी युक्तिवाद सुरू केला. ते मान हलवत ऐकत होते, आदल्या दिवशी मला पटलेलं एकेक वाक्य माझ्याच तोंडून गळत होतं, आणि मधेच मी थांबले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी मूळ बदल उघडून पाहिला असणार, त्याखालची दोन्ही नावं वाचली असणार. ते सगळंच वाचायचे. "कल तक ठीक कर दीजिए," म्हणाले आणि डबा खायला गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. या माणसाने माझा बदल जसा वाचला तसा मी कधी कुणाचा वाचला होता का, हे मला आठवेना. ओळ मी त्याच दुपारी बदलली.

त्या रविवारी सकाळी बाबांबरोबर पार्कात चकरा मारताना मी त्यांना सहज म्हणून विचारलं, तुम्ही ऑफिसात कधी न वाचता फाइलवर सही केलीत? मला खात्री होती की ते ताठ होऊन 'कधीच नाही' म्हणणार आणि मी मनातल्या मनात आणखी लहान होणार. बाबा म्हणाले, "रोज. माझ्या हाताखाली एक मुखर्जीबाबू..." आणि थांबून म्हणाले, नाव जाऊ दे, एक बंगाली गृहस्थ होता, त्याची फाइलवरची नोटिंग इतकी स्वच्छ असायची की वाचायची गरजच वाटायची नाही. मी विचारलं, मग कधी अडचण आली? ते म्हणाले, एकदा आली, त्याची बदली झाली. आणि तुमची?  बाबा म्हणाले की तो त्यांच्याकडे दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचा, त्या वर्षापासून आला नाही. एवढं बोलून ते ऊन वाढलं म्हणून घराकडे वळले. मला त्यांच्याकडून धीर हवा होता. तो मिळाला नाही.

तोवर मी स्वतःला सांगत होते की मी अस्वस्थ आहे ती नवऱ्यासाठी. त्याचं नाव, त्याचा मान, त्याची ती रोजची मेल. त्या रविवारी परत येताना मला कळलं की हे निम्मंच खरं होतं. नवरा जेवताना सहज काही विचारायचा आणि मी काहीतरी आणायला उठायचे, ते त्याच्या चुकीमुळे नाही. तिसऱ्या स्क्रीनवर काय होतं हे त्याने मला कधी विचारू नये, एवढंच मला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दुरुस्ती जाहीर झाली. नवरा गुडगावहून दोन मेट्रो बदलून आठला घरी आला. चपला काढता काढता म्हणाला, "वाचलं मी." मी म्हटलं, मला सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, माहितीये, बिल्कुल बरोबर केलंस. मग जेवला. मंगळवारीही जेवला, बाबांबरोबर क्रिकेट बघितलं. मला वाटत होतं हा आता चिडेल, भांडेल, निदान दार आपटेल. भांडण मला जमतं. या शांतपणाशी काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी चौथं कपाट आवरायला काढलं. ते रिकामंच होतं.

बुधवारी त्याने सुट्टी घेतली. मीही घेतली, तो काय करतो ते बघायला. सकाळी नऊला तो जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला की यादीवर सगळ्यांसाठी एक मेल लिहितोय. लपून बसण्यात अर्थ नाही, चूक केली तर आपण होऊन सांगावं. मी त्याच्या मागे खुर्चीचा पाठ धरून उभी राहिले. तो वाचून दाखवत होता. चूक माझी आहे. तुलना कुठे राहिली, का राहिली. हे त्याने फार प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मग पुढचं वाक्य आलं: हा बदल जाण्यापूर्वी ओळ न् ओळ काळजीपूर्वक तपासला गेला होता, तरीही चूक निसटली, यावरून ही जागा किती फसवी आहे ते दिसतं.

तो मागे वळून म्हणाला, "तुझ्यावर काही यायला नको म्हणून घातलंय. आणि खरं सांगू का, गेले दोन दिवस मला तोच एक आधार आहे. तू वाचूनही तुला दिसली नाही, म्हणजे ती दिसण्यासारखी नव्हतीच."

हे तेरा दिवसांत माझ्या मनात कुठेच आलं नव्हतं. तो चिडेल, दुखावेल, हे सगळं मी धरून ठेवलं होतं. माझ्या त्या 'हो'वर तो टेकून बसला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी काही बोलले नसते तर तो सावरला असता. बदल माझ्या नजरेखालून गेला असं जगाला तो सांगणार होता आणि मलाही त्यातून मोकळं करणार होता. हे सगळं त्या खुर्चीमागे उभं राहून माझ्या डोक्यात आलं आणि मला अगदी स्वच्छ मोह झाला. ते नाकारण्यात अर्थ नाही.

"ते वाक्य काढ," मी म्हणाले. "मी वाचलं नव्हतं."

 तो हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"सगळं वाचलंस का, असं विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मी पहिला स्क्रीन वाचला होता."

तो लॅपटॉपकडे वळला. ते वाक्य त्याने खोडलं, एकेक अक्षर मागून पुढे, निवडून एकदम पुसता येतं हे विसरल्यासारखा. मी सांगू लागले की फ्रिज अडकला होता, हमाल हाका मारत होता, आणि तुझं लिखाण नेहमीच इतकं... तो म्हणाला, असू दे. मेल पुन्हा वरपासून वाचली आणि पाठवली. त्यात माझा उल्लेख कुठेच नव्हता. त्याने चूक केली, एवढंच.

मी म्हटलं, माझं काहीच लिहिलं नाहीस.

"तुझं तू लिही," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

वडीलधाऱ्यांत पुढे त्याला घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला घेतलं. कारण हेच की दुसरं काही, ते तिथे कुणी सांगत नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्या मेलबद्दल मात्र पुष्कळांनी त्याचं कौतुक केलं. ती उत्तरंही त्याने मला दाखवली नाहीत, मी यादीवर वाचली.

पण ते नंतरचं. त्या बुधवारी मी त्याच टेबलाशी बसले. माझी मेल लिहायला मला दुपारचा एक वाजला. आधी फ्रिजसकट लिहिली, मग फ्रिज काढला. मग घाई काढली, मग विश्वास काढला, कारण तो शब्दही माझ्या बाजूने बोलत होता. राहिलं ते एवढंच: तीन वर्षांपूर्वीच्या या बदलाखाली तपासणारी म्हणून माझं नाव आहे. मी त्याचा फक्त सुरुवातीचा भाग वाचला होता. बाकीचा न वाचता मी नाव दिलं. ते नाव आता काढता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पाठवण्याआधी मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. तो बाबांसाठी कांदा चिरत होता, हात पुसून बसला. चारच वाक्यं होती. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला, हळू, ओळीखाली बोट धरून.